तरंगगुरूंची शांत टोपी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मग लोक भिंतींना टेकून उभे राहिले, मग खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसले. प्रत्येकाने आपापलं डोकं दाखवायला आणलं होतं. कुणाचं अर्धंच दुखत होतं, कुणाच्या कानात सारखी शिट्टी वाजत होती, कुणाची झोप उडाली होती. एका बापाच्या मांडीवर फिट येणारी लहान मुलगी होती. दारातच सगळ्यांना फोन बंद करायला लावले होते, आणि फोन बंद होताच निम्म्या लोकांना हलकं वाटायलाही लागलं होतं.

व्यासपीठावर पांढरा कोट घातलेला एक गुळगुळीत गृहस्थ उभा होता. लोक त्याला तरंगगुरू म्हणत. हे नाव लोकांनीच प्रेमाने दिलं, असं तो सांगे. फलकावर मात्र ते त्यानेच रंगवून घेतलं होतं.

"मी डॉक्टर नाही," त्याची सुरुवात ठरलेली होती. "डॉक्टर आजार बघतात. मी लहर बघतो."

टाळ्या पडल्या. मग गाडी सुरू झाली. मेंदू म्हणजे पाण्यात ठेवलेला स्पंज, फोन म्हणजे खिशातली भट्टी, आणि सुजलेल्या मेंदूला फोन लावणं म्हणजे भाजलेल्या हातावर पुन्हा निखारा ठेवणं. मधूनमधून तो 'क्वांटम' हा शब्द मिठासारखा भुरभुरवायचा: अगदी थोडा, पण प्रत्येक घासात. कुणाला काही कळत नव्हतं, म्हणूनच सगळ्यांना पटत होतं.

पहिल्या रांगेत टिटवी बसली होती. बसली म्हणायचं इतकंच. तिचा पाय सारखा हलत होता, बोटं पदराशी चाळा करत होती, आणि दर थोड्या वेळाने ती उठायला जाई तेव्हा शेजारी बसलेली आई तिला हात धरून खाली बसवत होती.

टिटवी हे काही तिचं नाव नव्हे. ती रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात कामाला होती. कानाला हेडफोन, तोंडाशी माइक, आणि पलीकडे रडणारी, ओरडणारी, पत्ता विसरलेली माणसं. तिचा आवाज बारीक पण खणखणीत, कसल्याही गोंधळातून वाट काढणारा, म्हणून सहकाऱ्यांनी तिची टिटवी करून टाकली होती. पुढे नवराही तेच म्हणू लागला.

काही महिन्यांपूर्वी तिला ताप भरला. ती असंबद्ध बोलू लागली, नवऱ्याला ओळखेना, आणि रुग्णालयात कळलं की मेंदूला सूज आली आहे. मेंदूच्या डॉक्टरबाईंनी तिला अक्षरशः ओढून परत आणलं. घरी आली ती फिट येऊ नये म्हणून घ्यायच्या रोजच्या गोळ्या आणि एक न थांबणारी डोकेदुखी घेऊनच. उजेड सोसेना, भांड्याला भांडं लागलेलं सोसेना. कपाळाच्या आत कुणीतरी येरझाऱ्या घालतंय असं तिला वाटे, आणि मग तीही खोलीत येरझाऱ्या घालत राही. बरं व्हायला वेळ लागेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. पण किती, ते त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनाही ते माहीत नव्हतं.

तरंगगुरूला सगळंच माहीत होतं. त्याने टिटवीला वर बोलावलं, काय काम करते ते विचारलं, आणि ऐकून असा डोळे मिटून उभा राहिला की लोकांनी श्वास रोखला. मग त्याने हातात मावेल असं एक काळं यंत्र काढलं. ते तिच्या कपाळाजवळ नेलं आणि यंत्र किंचाळलं. सभागृहभर तो आवाज घुमला. टिटवीने दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं. मग त्याने एक राखाडी टोपी तिच्या डोक्यावर चढवली. कान झाकणारी, आतून धातूच्या बारीक जाळीचं अस्तर असलेली. यंत्र पुन्हा जवळ आलं. आवाज नाही.

"आता कसं वाटतंय, ताई?"

टिटवीने टोपी हाताने चाचपून पाहिली. खरोखरच, कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा, कपाळातली ती येरझार थांबली होती. तिला रडूच आलं. तिचं ते रडणं हजार भाषणांना भारी पडलं. बाहेर टोप्यांच्या टेबलाभोवती रेटारेटी झाली, आणि त्या रेट्यात टिटवीची आई सगळ्यांत पुढे होती.

घरी नवी राजवट सुरू झाली. फोन घरात नको म्हणून आईने तिघांचेही फोन बंद करून तळमजल्यावरच्या सायकलींच्या खोलीत लोखंडी पेटीत ठेवले आणि किल्ली आपल्या गळ्यातल्या साखळीला अडकवली. नवरा बेकरीत कामाला होता. पहाटे जायचा, दुपारी पिठाने माखून परत यायचा. वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं. बायकोला बरं वाटतंय ना, मग राहू दे, असं तो म्हणाला. आणि तिला बरं वाटतही होतं. ती टोपी घालून झोपे, टोपी घालून जेवे. फक्त एक नवीनच झालं होतं. खाली रस्त्यावर कुणी फोनवर बोलताना दिसलं तरी तिच्या कपाळात कळ उठू लागली. ती खिडक्या बंद करू लागली. मग पडदे. मग खोलीतून बाहेर येणंच तिने कमी केलं.

गुरूच्या पुढच्या सभांना तिला आवर्जून बोलावणं असे. तिने फक्त उभं राहून सांगायचं, की मी अशी होते आणि आता अशी आहे. तिच्या आवाजावर लोकांचा विश्वास चटकन बसे. तिच्या कामाचं ते भांडवलच होतं. आणि एका सभेनंतर गुरूने तिला बाजूला घेऊन गोळ्यांबद्दल विचारलं. त्याने गोळ्या बंद कर असं म्हटलं नाही. तो चतुर होता. गोळ्यांमध्ये क्षार असतात, क्षार लहरी ओढून घेतात, बाकी तुमचा निर्णय, एवढंच तो म्हणाला. तिने निर्णय घेतला. नवऱ्याला सांगितलं नाही.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. भर दुपारी, स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठलेली टिटवी उभ्याची आडवी झाली. पेला फुटला. आई धावत आली तर लेकीचे डोळे फिरलेले, दात आवळलेले, सगळं अंग झटके देत होतं. नवरा कामावरून येऊन नुकताच झोपला होता. तो उठून आला आणि त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

किल्ली काढताना आईच्या हातून साखळीच सुटेना. शेवटी त्याने ती ओढून तोडली. चार जिने उतरला, पेटी उघडली, फोन चालू केला. बंद करून ठेवलेला फोन चालू व्हायला किती वेळ घेतो, हे त्या दिवशी त्याला कळलं. पडद्यावर कंपनीचं चिन्ह गोल गोल फिरत होतं आणि वर बायको फरशीवर आपटत होती. दिवसभर लोकांना रुग्णवाहिका पाठवणाऱ्या बाईसाठी रुग्णवाहिका मागवायला घरात फोन नव्हता.

फोन लागला तेव्हा पलीकडे नियंत्रण कक्षातली तिचीच एक मैत्रीण होती. तिने त्याचा आवाज ओळखला आणि पत्ता विचारलाच नाही.

टिटवी वाचली. पण झटके थांबवायला डॉक्टरांना घाम फुटला, आणि तिला पूर्ण शुद्धीवर यायला दुसरा दिवस उजाडला. आई गुरूकडे जाऊन आली होती. ती खाटेशी बसून सांगू लागली की हा लहरींचा शेवटचा उद्रेक होता, जाता जाता त्या असा दणका देतात, आता तू मोकळी झालीस असं गुरुजी म्हणाले. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो उठला आणि खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. त्याचे खांदे हलताना टिटवीला काचेतून दिसले.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर टिटवीला सोपं गेलं असतं. त्यांनी गोळ्या कधीपासून बंद केल्या एवढंच विचारलं, आणि मग टोपी हातात घेऊन नीट उलटसुलट पाहिली.

टिटवी म्हणाली, "तुम्ही हसाल. पण फोन जवळ आला की मला खरंच दुखतं."

"मी हसत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दुखतं की नाही हा प्रश्नच नाही. कशाने दुखतं ते बघू या का?"

ती सावरल्यावर त्यांनी बघितलं. पुठ्ठ्याचे दोन सारखे खोके. शेजारच्या खोलीत परिचारिका दर वेळी एका खोक्यात चालू फोन ठेवायची आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची साबणाची वडी, आणि खोके दाराशी ठेवून निघून जायची. कशात काय आहे हे डॉक्टरबाईंनाही माहीत नसे. टिटवीने डोळे मिटायचे, एकेक खोकं कपाळाशी धरायचं आणि फोन कुठे आहे ते सांगायचं. ती ठामपणे सांगत गेली. एकदा तर खोकं जवळ येताच तिला मळमळलं, डोळ्यांतून पाणी आलं, तिने ते ढकलूनच दिलं. उघडलं तर आत साबण होता. आणि चालू फोन असलेलं खोकं तिने मघाशी मांडीवर घेऊन थोपटलं होतं. पुन्हा पुन्हा केलं. तिचे अंदाज नाणं उडवून ठरवावेत तसे निघाले.

टिटवी साबणाच्या वडीकडे बघत राहिली. तिचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे मी नाटक करत होते?"

"नाही. दुखणं खरं आहे. कारण खोटं आहे." डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "सूज ओसरली तरी मेंदू बरेच दिवस हळवा राहतो. त्याला कुणी सांगितलं की इकडून धोका येतोय, तर तो आधीच कळ काढतो. आणि टोपी घातली की तो निर्धास्त होतो. त्यात तू घरी होतीस, झोपत होतीस, गोळ्यांचा असर होता. बरी तू आपोआप होत होतीस. श्रेय टोपीने घेतलं."

मग फोनने काहीच होत नाही का, असं टिटवीने विचारलं. या लहरींचा सुजलेल्या मेंदूवर काय परिणाम होतो याचा अभ्यास लोक खरोखरच करतात, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. उंदरांवर प्रयोग झालेत, निष्कर्ष उलटसुलट आहेत, म्हणून शोध चालू आहे. जे माहीत नाही ते आपण माहीत नाही म्हणतो. पण टिटवीची सूज विषाणूने आली होती, ते तिच्या पाठीतून काढलेल्या पाण्याच्या तपासणीत दिसलं होतं. आणि फिट गोळी थांबवल्याने आली. या दोन गोष्टींत शंका नव्हती.

सगळं इथेच मिटलं असतं. टोपी कचऱ्यात गेली असती, टिटवी घरी. पण औषधं घ्यायला नवरा गेला होता तोवर ती बाहेरच्या बाकावर बसली, आणि समोर तो बाप येऊन उभा राहिला, सभागृहात मांडीवर मुलगी घेऊन बसलेला. मुलगी आत होती. आदल्या दिवशी तिला एकामागून एक फिट आल्या होत्या.

"तुम्हाला बघून आम्ही गोळ्या थांबवल्या," तो म्हणाला. त्यात आरोप नव्हता. तो फक्त विचारत होता. "तुम्हाला तर फरक पडला ना, ताई?"

टिटवीला त्याला तोंड देणं जड गेलं, पण तिने दिलं. मला फिट आली, म्हणून मी इथे आहे, असं तिने सांगितलं. बाप वळला आणि मुलीकडे आत गेला. मुलगी त्या खेपेला बचावली. पण टिटवीला घरी चैन पडेना. ती पुन्हा येरझाऱ्या घालू लागली, आणि या वेळी कपाळात काही नव्हतं. तिच्या आवाजावर विश्वास ठेवून अजून किती जणांनी गोळ्या फेकल्या असतील, हे तिला कळायला मार्ग नव्हता. तिने व्यासपीठावर घालवलेला प्रत्येक क्षण पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. आणि त्यात तिला गुरूचा अंगठा दिसला. टोपी चढवल्यावर यंत्र पुन्हा कपाळाशी आणताना त्याचा अंगठा यंत्राच्या कडेवर हळूच सरकायचा. ती स्वतः वर्षानुवर्षं हेडफोनच्या कडेची चकती तशीच फिरवत आली होती, आवाज कमी करायला.

पुढच्या सभेला ती गेली. आई नको म्हणत होती, आणि तरीही बरोबर आली. नवरा मागच्या रांगेत बसला. टिटवीने त्या दिवशी डोक्याला घट्ट रुमाल बांधला होता. डोकं दुखणाऱ्या बाईने रुमाल बांधावा, यात कुणाला काय वाटणार? रुमालाच्या आत, टाळूवर, एक जुना बटणांचा चपटा फोन होता, चालू. साबण आठवून तिने गाठ मारली होती.

गुरूने तिला आनंदाने वर घेतलं. यंत्र किंचाळलं. लोक हळहळले. रुमालावरून टोपी चढली, अंगठा सरकला, यंत्र गप्प झालं.

"शून्य," गुरू दोन्ही हात पसरून म्हणाला. "या क्षणी या ताईंच्या मेंदूपर्यंत जगातली एकही लहर पोचत नाही. आईच्या पोटातल्या बाळाला असते ना, ती शांतता."

आणि शांततेत फोन वाजू लागला.

गुरू कपाळाला आठ्या घालून समोर बघू लागला. सगळ्यांना विनंती केली होती, तरी कोण हे. लोक एकमेकांकडे बघू लागले, खिसे चाचपू लागले. फोन वाजतच होता. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने बोट दाखवलं, ते टोपीकडे. टिटवीने टोपी काढली, रुमाल सोडला आणि वाजणारा फोन हातात धरला. मागच्या रांगेत नवरा कानाला फोन लावून उभा होता.

"ऐकू येतंय का?" तिने फोनमध्ये विचारलं.

"येतंय," तो मागून म्हणाला, आणि दोन्हीकडून ऐकू आलं.

कुणीतरी हसलं. मग हसू पसरलं, पण ते खूश हसू नव्हतं. गुरू म्हणू लागला की हा लहरींचा वेगळा प्रकार आहे, सूक्ष्म लहरी टोपी अडवते, स्थूल लहरींचा विषय निराळा. तोवर टिटवीने त्याच्या हातातलं यंत्र घेऊन त्या पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या हाती दिलं होतं. आपला चालू फोन शेजारी धरून, अंगठा कडेवरच्या चकतीवर ठेवा, वर सरकवा असं तिने सांगितलं. यंत्र किंचाळलं. खाली सरकवा म्हणाली. गप्प. पुन्हा वर. पुन्हा खाली. मग आपला फोन बंद करून, चकती वर असताना ते यंत्र घेऊन ती गुरूजवळ गेली, तशी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशाशी यंत्र सगळ्यांत मोठ्याने ओरडलं. सभागृहात सगळ्यांचे फोन बंद करायला लावणाऱ्या माणसाच्या उराशी चालू फोन होता. रुग्णाचं डोकं नव्हे, तो फोन यंत्राला ऐकू येत होता.

गुरू मागच्या दाराने गेला. टोप्यांचं टेबल उघडंच राहिलं. पण सगळं सभागृह काही टिटवीच्या बाजूने उभं राहिलं नाही. एक बाई तिच्या अंगावर येऊन म्हणाली की माझं डोकं टोपीनेच थांबलं, तुम्ही का आमचं हिरावून घेता. टिटवीने तिला ओळखलं. त्या बाईत तिला ती स्वतःच दिसली.

तिने माइक घेतला. तिला भाषण येत नव्हतं. फोनवर घाबरलेल्या माणसाशी बोलावं तसं ती बोलली.

"माझंही थांबलं होतं. मीच तुम्हाला इथून सांगितलं, ते मी खरं समजून सांगितलं, आणि ते चूक होतं. मला बरं वाटलं, एवढा पुरावा पुरत नाही. कुणी काही दाखवलं तर विचारा, की झाकून, तुम्हाला न सांगता केलं तरी तेच होतं का. ते होत नसेल तर सोडून द्या. टोपी आवडत असेल तर घाला. पण गोळी कुणाच्या सांगण्यावरून थांबवू नका, माझ्याही नाही. थांबवली असेल तर घरी न जाता आधी डॉक्टरांकडे जा."

काही जण उठून गेले. काही थांबले. त्यातले दोघे-तिघे गोळ्यांबद्दल विचारायला पुढे आले. ती बाई टोपी डोक्यावर ठेवूनच निघून गेली. आईने आपल्या गळ्यातली, गाठ मारून जोडलेली साखळी काढून पर्समध्ये टाकली आणि लेकीला पाणी आणून दिलं.

टिटवीचं डोकं त्यानंतरही दुखत राहिलं, कधी कमी, कधी जास्त. आता ती त्याला फोनचं नाव देत नव्हती, म्हणून ते थोडं दुखून निघून जाई. हिवाळा संपता संपता डॉक्टरबाईंनी तिला अर्ध्या वेळेसाठी कामावर जायची परवानगी दिली.

तिथे एका सकाळी एका माणसाचा फोन आला. बायको जमिनीवर पडली आहे, झटके येतायत. टिटवीने पत्ता घेतला, गाडी सोडली, त्याला सांगितलं की कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आजूबाजूचं सामान बाजूला करा. माणूस धापा टाकत होता. मग तो अडखळला. तिला मेंदूचा आजार आहे, असं म्हणाला, फोनच्या लहरींनी वाढतो म्हणतात, मी फोन बंद करून लांब ठेवू का?

टिटवीने खुर्ची पुढे ओढली.

"फोन तिच्या शेजारीच ठेवा," ती म्हणाली. "स्पीकर चालू करून ठेवा, म्हणजे माझं ऐकू येईल. गाडी येईपर्यंत मी इथेच आहे. आता तिचा श्वास कसा चाललाय ते बघा, आणि मला सांगा."